आरोग्याच्या योजना आणि सेवेची माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी व्याख्यान देण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. विषयाची निवड माझ्यावरच सोपविली होती. ‘राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेची सुधारणा आणि तिच्यासाठी लागणारे मनुष्यबळ’ हा विषय मी कळविला, तेव्हा आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. बी. ए. होऊन केंद्र शासनाच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे आस्थापनेच्या व हिशेबाच्या फायलींत घालविली. परंतु या विषयाची एक बाजू अशी आहे की, ती डॉक्टरांपेक्षा आमच्यासारख्या कचेरीतील माणसांच्या अधिक परिचयाची असते. ती म्हणजे मंजूर पद आणि भरलेले पद यांमधील अंतर. आदेशावर सही झाली की पद निर्माण होते. त्या पदावर बसणारा माणूस मात्र त्या दिवशी निर्माण होत नाही. तो पाच-सहा वर्षे आधी कुठेतरी शिकत असावा लागतो, त्याला शिकविणारा त्याहूनही आधी तयार झालेला असावा लागतो, आणि नेमणूक झाल्यावर तो तेथे राहील अशी व्यवस्था असावी लागते. आपल्या देशात आरोग्याच्या योजनांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा पडला तो या पूर्वतयारीचा. एवढीच गोष्ट आज मला काही उदाहरणांनी आपल्यापुढे मांडावयाची आहे.

नाशिकचे भोर आणि त्यांचा हिशेब

या कथेचा आरंभ एका महाराष्ट्रीय माणसापासून होतो, ही गोष्ट आपल्यातील अनेकांना ठाऊक नसेल. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा ज्या समितीने आखला, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे १८७८ साली नाशिकला जन्मले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे लंडनला त्यांचे शिक्षण झाले. तेही डॉक्टर नव्हते. सनदी अधिकारी होते. १९४३ मध्ये नेमलेल्या त्यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हेही या समितीचे एक सभासद होते.

अहवालातील आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते, म्हणजे सरासरी ६,३०० माणसांमागे एक. परिचारिका मात्र साऱ्या मिळून ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टरांची संख्या परिचारिकांच्या जवळजवळ सातपट! समितीने पंचवीस वर्षांनंतरचे, १९७१ सालचे, उद्दिष्ट ठरविले, ते डॉक्टर १ लाख ८५ हजार आणि परिचारिका ७ लाख ४० हजार असे. एका डॉक्टरमागे चार परिचारिका हे प्रमाण त्यात गृहीत होते. रोग्याला औषध लिहून देणारा एक असला, तर त्याची शुश्रूषा करणारे, प्रसूतीची काळजी घेणारे, घरोघर जाऊन लस टोचणारे हात अनेक लागतात, हे त्या सनदी अधिकाऱ्याला स्वच्छ दिसले होते. पुढे आपण आकड्यांचा पहिला अर्धा भाग उत्साहाने वाचला आणि दुसरा अर्धा भाग तसाच ठेवून दिला. वैद्यकीय महाविद्यालय उघडणे हा प्रत्येक राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. परिचारिकांची शाळा ही रुग्णालयाच्या मागल्या अंगणातील एखादी चाळ राहिली.

लायसेन्शिएट डॉक्टरांचे काय झाले?

भोर समितीचा दुसरा एक निर्णय आपल्या या भागाशी फार जवळून संबंधित आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तेथून जे बाहेर पडत, ते एल. एम. पी., म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर. त्यांचा अभ्यासक्रम पदवीपेक्षा लहान असे, पदवीधरांच्या पंक्तीत त्यांना मान कमी असे. पण तालुक्याच्या गावचा दवाखाना बहुधा त्यांच्याच हाती असे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणींत असा एखादा डॉक्टर निश्चित सापडेल. भोर समितीच्या वेळी देशातील सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते.

समितीतील बहुमताने असे ठरविले की, यापुढे देशात एकाच प्रकारचा, पूर्ण शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा. काही सभासदांनी यास विरोध नोंदविला. खेड्यांसाठी पुरेसे पदवीधर मिळेपर्यंत लायसेन्शिएट अभ्यासक्रम चालू ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा विचार अनुदार नव्हता. शहरातील माणसाला पूर्ण डॉक्टर आणि खेड्यातील माणसाला अर्धा, हा भेद स्वतंत्र भारताला शोभणारा नाही, अशी त्यामागील भूमिका होती. परंतु जुना दरवाजा बंद करताना नव्या दरवाजातून माणसे खेड्याकडे जातील किंवा कसे, याचा बंदोबस्त झाला नाही. नागपूरला १९४७ मध्ये आणि आपल्या जबलपूरला १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झाले. दोन्ही संस्थांनी नामवंत डॉक्टर घडविले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण डिंडोरी, मंडला, बालाघाटच्या आतल्या गावांत जी जागा लायसेन्शिएट डॉक्टरने रिकामी केली, ती बहुतांशी रिकामीच राहिली, अथवा तेथे ज्याचे कसलेच शिक्षण नाही असा ‘डॉक्टर’ येऊन बसला.

हा प्रश्न मिटला नाही, तो पुन्हा पुन्हा उठत राहिला. १ नोव्हेंबर २००० रोजी आपल्याच राज्यातून वेगळे झालेल्या छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध झाला, न्यायालयीन वाद झाले, पदवीचे नाव बदलले, आणि काही तुकड्यांनंतर अभ्यासक्रम बंद पडला. जे विद्यार्थी त्यातून बाहेर पडले होते, त्यांना पुढे ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. २०१० मधील एका अभ्यासात या सहायकांची आणि एम. बी. बी. एस. डॉक्टरांची तुलना झाली; तेव्हा नेहमीच्या आजारांवर योग्य उपचार करण्यात ते डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. तरीही शिकताना त्यांना आपली पदवी कोणती, आपले पद कोणते आणि आपली बढती कुठवर, यांपैकी कशाचेच उत्तर मिळाले नव्हते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ३२ व्या कलमाने मर्यादित परवाना असलेल्या ‘समुदाय आरोग्य सेवा पुरवठादारा’ची तरतूद केली, तेव्हा १९४६ चा तोच वाद त्याच शब्दांत पुन्हा ऐकू आला. असा मधला डॉक्टर असावा की नसावा, यावर सुज्ञांत मतभेद राहतील. परंतु अभ्यासक्रम आधी आणि पदाचा विचार मागाहून, ही पद्धत मात्र कोणाच्याच हिताची नाही.

तीन महिन्यांचे शिक्षण आणि पन्नास रुपये

डॉक्टर खेड्यात जात नाही, हे मान्य झाल्यावर खेड्यातीलच माणूस तयार करण्याचा विचार पुढे आला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने निरनिराळ्या रोगांसाठी निरनिराळे कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्यसेवक सुचविला. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावातूनच आरोग्य कार्यकर्ते निवडण्यावर भर दिला. त्यानुसार २ ऑक्टोबर १९७७ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, देशव्यापी योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे शिक्षण आणि दरमहा पन्नास रुपये मानधन. कल्पना उदात्त होती. पण निवडलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते, आणि गावातील मुख्य गरज बाळंतिणी व अर्भके यांची होती. तीन महिन्यांनंतर त्यांना पुन्हा शिकविण्याची, त्यांचे काम पाहण्याची व्यवस्था दुबळी राहिली. १९८० मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये त्यांच्या पदाचे नाव बदलले. नाव बदलल्याने काम सुधारत नाही, हे आम्हा कचेरीतील लोकांना अनुभवाने पटलेले आहे. योजना हळूहळू विझत गेली.

आपल्या मध्य प्रदेशाने १९९५ मध्ये जनस्वास्थ्य रक्षक योजना काढली. सुशिक्षित बेकार तरुणांना सहा महिने शिकवावे आणि त्यांनी गावात शुल्क घेऊन सेवा द्यावी, अशी ती मांडणी. शुल्क मिळते ते सुईचे आणि सलाईनचे. पाणी उकळून पिण्याच्या सल्ल्याचे कोणी पैसे देत नाही. तेव्हा पुष्कळांनी सल्ला सोडला आणि सुई धरली. यात त्या तरुणांना दोष देण्यापेक्षा त्यांच्या उपजीविकेची मांडणी तपासून पाहावी, असे मला वाटते.

महाराष्ट्रातील दोन दाखले

याच काळात महाराष्ट्रातील दोन दुर्लक्षित भागांत वेगळी गोष्ट घडत होती. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. प्रारंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. पण परक्या गावात एकट्या स्त्रीने राहणे अवघड होते, आणि गावालाही ती आपली वाटत नव्हती. तेव्हा त्याच गावातील स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतील होत्या. त्यांना एकदाच तीन महिने शिकवून सोडून दिले नाही. त्या आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, आठवड्यात काय पाहिले ते सांगत, नवे शिकत आणि परत जात. हे वर्षानुवर्षे चालले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ संस्था स्थापन केली. जन्मल्यापासून महिन्याच्या आत अर्भके का दगावतात, याचा शोध घेऊन त्यांनी ३९ गावांत थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ रडले नाही तर काय करावे, ते गार पडले तर कसे गुंडाळावे, त्याला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे कोणती आणि इंजेक्शन केव्हा द्यावे, हे सारे त्यांना शिकविले, आणि त्यांचे काम नियमितपणे तपासले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या वेळापत्रकामागे गडचिरोलीच्या त्या खेडुत भगिनींचे काम आहे.

१९७७ च्या कार्यकर्त्याला आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूताला मुळात मिळालेले शिक्षण काही फार वेगळे नव्हते. दोघेही गावचे, दोघेही थोडे शिकलेले. भेद निवडीत होता, शिक्षण किती काळ चालू राहिले यात होता, आणि ‘तुझे काम मी पाहतो आहे, अडचण आली तर मी येतो’ असे म्हणणारे कोणी पाठीशी होते किंवा नव्हते, यात होता.

आजची सुधारणा

आता वर्तमानाकडे येऊ. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा कार्यकर्ती आली. या वेळी शासनाने स्त्रियाच निवडल्या, हा जुन्या अनुभवाचा लाभ होय. आज देशात दहा लाखांवर आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरीही शासकीय परिभाषेत त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. जिच्या नोंदवहीवर राष्ट्राचे आकडे उभे राहतात, तिचे स्वतःचे नाव कोणत्याही वेतनपटावर नाही. हिशेबखात्यातील माणूस म्हणून मला ही विसंगती टोचते.

२०१८ मध्ये ‘आयुष्मान भारत’ ही मोठी सुधारणा जाहीर झाली. तिची एक बाजू, गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण, ही आपल्याला वर्तमानपत्रांतून परिचित आहे. दुसरी बाजू माझ्या मते अधिक मूलगामी आहे. दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करावयाचे. २०२३ पासून त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. लस आणि बाळंतपण यांपुरते मर्यादित असलेल्या उपकेंद्रात आता तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब पाहावयाचा, साखर तपासावयाची, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करावयाची आहे. त्यासाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. परिचर्येचे अथवा आयुर्वेदाचे शिक्षण झालेल्या उमेदवाराला सहा महिन्यांचे खास शिक्षण देऊन तेथे नेमावयाचे, अशी योजना.

हे पद फार महत्त्वाचे आहे. उच्च रक्तदाबाचा रोगी एकदा गोळी घेऊन बरा होत नाही. त्याला वर्षानुवर्षे गोळी घ्यावी लागते, आणि बरे वाटले की तो ती सोडतो. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बोलीत, न रागावता पुन्हा समजावणारा माणूस हवा. असा माणूस सहा महिन्यांत कदाचित तयार होईल. पण दोन वर्षांत तो बदली मागून गेला, तर त्याच्याबरोबर साऱ्या गावाची ओळख निघून जाईल. फलक बदलणे रंगाऱ्याचे एका दिवसाचे काम आहे. फलकाखाली बसणारा माणूस टिकविणे, ही खरी सुधारणा.

आपल्या आसपास

हे सारे दिल्लीचे राजकारण म्हणून आपण दूर ठेवू नये. आपल्या गढा भागात, नागपूर रस्त्यावर, आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था १९८४ पासून काम करीत आहे. तिच्या सहभागाने शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून हिवताप निर्मूलनाचा प्रयोग झाला. जिल्ह्याचे नऊ विकासखंड, १,२३३ गावे. औषध नवे नव्हते, मच्छरदाणीही नवी नव्हती. नवे होते ते मनुष्यबळाचे नियोजन. दोनशेहून अधिक ग्राम कार्यकर्ते नेमले गेले, त्यांना शिकविले गेले, त्यांच्यावर पर्यवेक्षक ठेवले गेले, आणि शासनाच्या आशा व इतर सेवकांनाही त्याच पद्धतीने तयार केले गेले. ताप शोधावा, रक्त तपासावे, उपचार करावा आणि उपचारानंतरही रोग्याचा मागोवा घ्यावा, हे चार नियम. तीन-चार वर्षांत हिवतापाचे स्थानिक रुग्ण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. ज्या जंगलांना ‘तापाचा मुलूख’ म्हणून नोकरदार माणूस भीत असे, तेथे हे घडले.

दुसरे आव्हान सिकलसेलचे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. १७ राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यावयाचा नाही, असे उद्दिष्ट आहे. विदर्भाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना हा आजार परिचित असेल. सात कोटी हा आकडा उच्चारायला सोपा आहे. पण बोटातून घेतलेल्या थेंबावरची पहिली चाचणी पुष्कळदा केवळ दोष आहे की नाही एवढेच सांगते. तो मनुष्य रोगी आहे की केवळ वाहक, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेतील दुसरी चाचणी आणि ती करणारा कुशल तंत्रज्ञ लागतो. त्यानंतरचे काम सर्वांत नाजूक. दोघेही वाहक असलेल्या पतिपत्नींच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते, हे ज्याला सांगावयाचे, तो लग्नाच्या वयाचा तरुण किंवा तरुणी असते. ते त्यांच्या भाषेत, त्यांचा अपमान होणार नाही, मुलीचे लग्न मोडणार नाही, अशा रीतीने कोण सांगणार? यंत्र निविदा काढून घेता येते; असा समुपदेशक निविदेने मिळत नाही.

आणि हे हात जेथे घडतात, त्या शाळांचे काय? गेली काही वर्षे मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण आपल्याच नगरातील उच्च न्यायालयापुढे चालले आहे. पुरेशी इमारत नाही, शिक्षक नाहीत, शिकण्यासाठी रुग्णालय नाही, अशा महाविद्यालयांना मान्यता कशी मिळाली, असा त्यातील प्रश्न. न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तीनशेहून अधिक महाविद्यालयांची पाहणी केली, तेव्हा सुमारे निम्मीच सर्व निकषांत बसली. पुढे २०२४ मध्ये तपासाशी संबंधित काही अधिकाऱ्यांनाच लाचेच्या आरोपावरून अटक झाली, आणि महाविद्यालयांची फेरपाहणी करावी लागली. दरम्यान हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा रखडल्या. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, लहान नोकरदाराच्या घरातील या मुली. बापाने कर्ज काढून शुल्क भरलेले. प्रमाणपत्रांची संख्या म्हणजे मनुष्यबळ नव्हे, याहून याचा कठोर पुरावा कोणता हवा?

पद रिक्त का राहते?

रिक्त पदांची चर्चा निघाली की, ‘लोकांत सेवाभाव उरला नाही’ असे आपण म्हणतो. फायलीत मात्र दुसरी कारणे सापडतात. राहावयास घर नाही. असले तर त्यास कुलूप लागत नाही. मुलांना शाळा नाही. रात्री एकट्या स्त्रीने बाळंतपणाला निघावयाचे, तर बरोबर कोणी नाही. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर, आणि करार वाढेल की नाही ते अकराव्या महिन्यापर्यंत कळत नाही. पंधरा वर्षे केलेल्या कामाची बढती नाही. सेवाभाव ही मोठी गोष्ट आहे; पण तिच्या भरवशावर शासनाने घराचे कुलूप विसरू नये.

माझ्या आईच्या अखेरच्या आजारपणात आम्ही तिला एका रुग्णालयात ठेवले होते. रात्री त्या मोठ्या कक्षाला एकच परिचारिका होती. पहाटे तीनच्या सुमारास तिने आईची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, आणि मी आभार मानू लागलो तेव्हा म्हणाली, “भाईसाहब, और पच्चीस जनों की करवट बाकी है।” त्या वाक्यात तक्रार नव्हती, केवळ हिशेब होता. मी आयुष्यभर हिशेब पाहिले; एवढा बोलका हिशेब क्वचितच पाहिला.

आपले कर्तव्य

आता शेवटी आपल्याविषयी. या सभागृहातील बहुतेक घरांची स्थिती सारखीच आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणाची अमेरिकेत. मुलगा-मुलगी डॉक्टर व्हावी, यासाठी आपण नागपूरच्या शिकवणीवर्गापर्यंत धावतो. त्यात गैर काही नाही. २०१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती, ती दहा वर्षांत सातशेच्या पुढे गेली, तेव्हा संधीही वाढल्या आहेत. परंतु आपल्या कोणत्या घरातील मुलीने परिचारिका व्हावे, मुलाने प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व्हावे, असे आपण कधी उत्साहाने म्हटले आहे काय? आणि उद्या आपण सत्तरी-ऐंशी गाठू, मुले दूर असतील, तेव्हा आपली कूस बदलणारे हात कोणाचे असतील? डॉक्टर दिवसातून एकदा येईल. उरलेले तेवीस तास ज्यांचे, त्यांना आपण आजवर समाजात कोणते स्थान दिले?

यासाठी मंडळाला तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, त्यात परिचर्या, प्रयोगशाळा-तंत्र, औषधनिर्माण या शाखांतील विद्यार्थ्यांचाही समावेश करावा, आणि एक शिष्यवृत्ती केवळ परिचर्येच्या विद्यार्थिनीसाठी ठेवावी. ती मराठीच असावी असे नाही. या नगराने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सामावून घेतले आहे, त्याची ती अल्प परतफेड होईल. दुसरी : प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला मान्यता आहे काय, शिकण्यासाठी रुग्णालय आहे काय, याची चौकशी करून देणारे दोन-तीन जाणते सभासद मंडळाने नेमावेत. आपल्यात निवृत्त डॉक्टर आहेत, वकील आहेत, आमच्यासारखे फायली वाचणारेही आहेत. अशा चौकशीने एखाद्या मुलीची चार वर्षे वाचतील. तिसरी सूचना अगदी साधी : आपल्या वस्तीतील आशा कार्यकर्ती दारात आली की, तिला उंबऱ्याबाहेर उभी ठेवू नये. आत बोलवावे, पाणी द्यावे, ती विचारते त्याची नीट उत्तरे द्यावीत. राष्ट्रीय आरोग्यव्यवस्था आपल्या घरी येते, ती तिच्याच पावलांनी येते.

भोर साहेबांच्या अहवालाला १९४६ पासून आता कितीतरी वर्षे लोटली. त्यांनी मांडलेला तो एकास चार असा हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. तो जुळविणे हे शासनाचे काम आहेच. पण कोणत्या कामाला मान द्यावयाचा, हे शासन ठरवीत नाही, ते आपल्यासारखी घरे ठरवितात. जेथे मान असतो तेथे मुले जातात, आणि जेथे मुले जातात तेथे पदे भरतात.

 मंडळाने पन्नास वर्षे या नर्मदातीरी मराठी घरे एकत्र ठेवली. पुढील पन्नास वर्षांत ते या नगराच्या सेवेतही अग्रेसर राहो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.